मफलर संपत आला आहे

१ डिसेंबर, सकाळ

थंडी पडली म्हणतात. मला काही जाणवत नाही. नळाचं पाणी हाताला चावतं, तेवढंच.

आजपासून रोज लिहायचं. रोज म्हणजे रोज.

मुलगा सकाळीच माडीवर आला. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, पण घरचा जिना चढला की धापा टाकतो. श्वास परत आल्यावर म्हणाला, आई, गेल्या थंडीत तुझ्या खोकल्यापायी आम्ही सगळे दवाखान्यात जाऊन बसलो. या वर्षी एकदा जरी खोकलीस तरी तुझा पलंग खाली. कायमचा.

खाली म्हणजे स्वयंपाकघराशेजारची खोली. तिथे कपड्यांचं मशीन आहे आणि खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसते. भिंतीची काय थट्टा करणार? माडीवरून चौक दिसतो, बसचा थांबा दिसतो, कोण कुणाबरोबर किती वेळ उभं आहे ते दिसतं. मी नसले तर या रस्त्याकडे लक्ष कोण देणार?

मी म्हणाले, खोकला? कुणाला?

तो म्हणाला, बरं. बापासारखंच बरं म्हणतो. म्हणजे ऐकलं, पण पटलं नाही.

ठराव: या थंडीत खोकायचं नाही.

२ डिसेंबर

सुनेने मफलर आणला. लाल, दुकानातला. सून दातांच्या दवाखान्यात काउंटरला बसते, त्यामुळे घरातसुद्धा पेशंटशी बोलल्यासारखी बोलते. म्हणाली, आई, जरा मान वर करा हं, काही होणार नाही. मी म्हणाले, पट्टा छान आहे, साखळी कुठे ठेवलीस?

मुलगा हसला. समोरचे पोस्टमन आले होते, तेही हसले. (रिटायर होऊन जमाना झाला, पण रोज एका तरी दाराची बेल वाजवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. सध्या आमचं दार.) सून हसली नाही. घडी घालून माझ्या कपाटात ठेवून गेली.

गंमत कळावी लागते माणसाला.

हशा पिकला होता म्हणून पुढे बोलले की मी माझा मफलर स्वतः विणणार, आणि तो होईपर्यंत गळ्याला दुसरं काही लावणार नाही. आता सांगितलं म्हणजे सांगितलं. आठवडाभराचं काम.

३ डिसेंबर

ट्रंक उघडली. सुयांच्या तीन जोड्या मिळाल्या, तिन्हींवर काहीतरी अर्धं लटकलेलं. एक स्वेटर, एक टोपी, एक काय होतं ते मलाही सांगता येईना. हे गेल्यापासूनचं सगळं.

लोकांना वाटेल, ही कामं अर्धवट टाकते. तसं नाही. विणणं माझं, शेवटची ओळ यांची. मी सुयांवरचं सगळं यांच्या हातात द्यायचे, आणि हे घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून टाके बंद करून द्यायचे. म्हणायचे, हे नाजूक काम आहे, तुझ्या हाताला घाई फार. दार लावून घे म्हणायचे, पाठ करून बसायचे. राणी महाल बांधते, कडी लावायला माणूस असतो, असं मी म्हणायचे.

शाळेत बाईंनी विणकाम शिकवलं ते निम्म्यावरच. बाईंचं लग्न ठरलं, त्या गेल्या. त्याला मी काय करू?

स्वेटर उसवला. हिरवी लोकर अजून खणखणीत आहे. चाळीस टाके घातले.

७ डिसेंबर

वीतभर झाला. पोस्टमन म्हणाले, वहिनी, हात काय चालतो तुमचा. मी म्हणाले, तुमची जीभ चालते तसा. माकडटोपीतून त्यांचे दोन डोळे आणि नाकाचं टोक दिसतं, बाकी माणूस पाकिटात. वर पत्ता तेवढा लिहायचा राहिला आहे.

सकाळी गच्चीच्या दाराखालून वारा आला. दार नि फरशीत बोटभर फट आहे. सून म्हणते, आई, यातूनच थंडी येते. मी म्हणते, खोली म्हटल्यावर हवा खेळती हवी. मुलगा म्हणाला, सुताराला सांगतो. गेल्या वर्षीही सांगितलं होतं. सुतार कुठल्या तरी लिफ्टमध्ये अडकला असावा.

सून तिथेच बसून दाराकडे बघत राहिली. तिचं काहीतरी चाललं आहे.

११ डिसेंबर

मफलर मापाचा झाला. गळ्याभोवती दोन वेढे बसतात. आता फक्त बंद करायचा. ते काय, होईल.

संध्याकाळी: झालं नाही. सुई काढली की टाके पळतात. परत एकेक पकडून सुईवर चढवले. डोळे दुखले.

विचार केला, दोन वेढे म्हणजे कंजूषपणा. थोडा लांब असला तर डोकंही झाकेल.

१२ डिसेंबर

हिरवी लोकर संपली. दुकानात गेले. निळी घेतली. जाता जाता सहज विचारलं, माझी एक मैत्रीण आहे, तिला टाके बंद करता येत नाहीत, वयाने इतकी मोठी तरी. दुकानदार म्हणाला, काकू, घेऊन या त्यांना, इथेच दाखवतो. मी म्हणाले, ती लाजते. तो म्हणाला, तुमची मैत्रीण आणि लाजते?

त्याच्याकडे आता जायचं नाही. लोकरही महाग लावतो.

१४ डिसेंबर

मोबाइलवर व्हिडिओ बघितला. बाई गोरी, नखं रंगवलेली, बोलते भरभर. शेवटच्या ओळीवर येते तोच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागते. जाहिरात संपली की मफलर बंद झालेला असतो. तीनदा बघितला. तेल मागवावं म्हणते.

दुपारी सून टेप घेऊन वर आली. मी डोळे मिटून पडले होते, पण झोपेन तर मी कसली. तिने गच्चीच्या दाराजवळ वाकून माप घेतलं, हातावर पेनाने लिहिलं, दबक्या पावलांनी गेली.

आलं लक्षात. मला खाली हलवायचं आणि इथे कपाटं करायची. मी अजून खोकलेही नाही, आणि हिची मोजमापं सुरू.

ठराव: सुनेशी कामापुरतं बोलायचं. मफलर कसा बंद करतात हे तर तिला मेले तरी विचारायचं नाही. तिला येतं. मुलाच्या स्वेटरचा गळा तिनेच विणला. सुबक आहे, पण ते तिला सांगायची गरज नाही.

१९ डिसेंबर

घसा खवखवतो. याला खोकला म्हणत नाहीत. घसा साफ करणं वेगळं, खोकणं वेगळं.

शेजारच्या कुत्र्याचा फार उपयोग होतो. तो भुंकला की मी त्याच आवाजात आपलं उरकून घेते. खाली कुणाला पत्ता नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सून हल्ली विसरभोळी झाली आहे. रोज गरम पाण्याचा थर्मास जिन्याच्या वरच्या पायरीवर विसरते. वाया जाऊ नये म्हणून पिऊन टाकते.

२३ डिसेंबर

निळी संपली. टोपी आणि ते नाव नसलेलं, दोन्ही उसवून मोहरीच्या रंगाची लावली. मफलर पलंगावरून उतरून दाराकडे चालला आहे. पोस्टमन म्हणाले, वहिनी, हा कुणासाठी? मी म्हणाले, जिराफाची ऑर्डर आहे. ते म्हणाले, जिराफाला निरोप द्या, घाई नाही. मग जरा थांबून म्हणाले, पण तुम्ही स्वतः काहीतरी घाला हो गळ्यात, नाक लाल झालंय. मी म्हणाले, तुमचं नाक दिसत नाही म्हणून माझ्या नाकाला नावं ठेवता.

तसा लांब मफलर फॅशनमध्ये आहे. एकच वेढा पुढे, बाकी मागे. राजे लोक असंच घालायचे.

कपाट उघडलं तेव्हा लाल मफलर दिसला. हात लावून बघितला. मऊ आहे. कपाट बंद केलं.

२७ डिसेंबर

घात झाला. शेजारी घराला कुलूप लावून गावाला गेले, आणि कुत्र्याला घेऊन गेले. हे काय वागणं झालं?

जेवताना उशी तोंडाला लावायला जागा नसते. दोन घास गेले, तिसऱ्याला आलाच. एक आला म्हणून दुसरा आला. मग काही मोजता येईना. मुलाने ताट सरकवलं. मी म्हणाले, ठसका आहे. त्याने सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, डॉक्टरांना फोन करते.

तासाभरात पलंग खाली. मला मात्र जिन्याने हात धरून उतरवलं, जसं काही मीच पलंगाचा मोडका पाय.

२९ डिसेंबर

औषध कडू. समोर भिंत. भिंतीवर एक पाल आहे, तीही थंडीने हलत नाही. तिला म्हणाले, बाई, तुझंही बिऱ्हाड खाली आणलं का?

मशीन सुरू झालं की पलंग थरथरतो. मुलगा म्हणतो, सवय होईल.

विणकाम वरच राहिलं. मागितलं नाही. मागितलं तर बंद करायची वेळ येईल.

सून औषध द्यायला आली. मी म्हणाले, कपाटांचं माप बरोबर घेतलंस ना? ती म्हणाली, कसली कपाटं? पडले तरी नाक वर माझं. म्हणाले, हातावर लिहिलं होतंस ते. ती जराशी हसली. म्हणाली, आई, एक सांगू? कुत्रा दोनदा भुंकला की तुम्ही तीनदा खोकायचात. पहिल्या दिवसापासून ऐकत होते. यांना सांगितलं असतं तर तेव्हाच पलंग खाली आला असता.

मी औषध घेतलं. खरंच कडू आहे.

४ जानेवारी

खोकला गेला. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, पण गळा झाका आणि वाऱ्याला बसू नका. मुलाने ते दुसरं वाक्य दोनदा म्हणायला लावलं. म्हणजे मी खालीच.

पोस्टमन खिडकीशी आले. भिंत नि खिडकीच्या मधल्या बोळात अंग चोरून उभे राहिले. म्हणाले, तुम्ही वर नसलात की चौकातून जाताना चुकल्यासारखं होतं, कुणी काही बोलतच नाही. मी म्हणाले, टोपी उलटी घातली आहे. त्यांनी काढून सरळ केली. केस बरे आहेत त्यांचे अजून.

६ जानेवारी, दुपार

सुनेने सुट्टी घेतली. म्हणाली, आई, वर चला, काहीतरी दाखवायचं आहे. मुलगाही आला, धापा टाकत.

गच्चीच्या दाराला खाली माझा मफलर. जुनी कापडं भरून, दुहेरी करून शिवलेला, आधी हिरवा, मग निळा, मग मोहरी, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, फटीत घट्ट. दोन्ही टोकं बंद. हात लावला, वारा नाही. खोली उबदार.

सून म्हणाली, दाराचं माप घेऊन ठेवलं होतं. तुम्ही विणत होता ते बघितलं आणि म्हटलं होऊ दे, तेवढा लागणारच आहे. मुलगा म्हणाला, सुतारापेक्षा स्वस्तात झालं. त्याला वाटलं हा विनोद आहे.

मी सगळीकडून बघितलं. म्हणाले, दाराच्या मापानेच विणत होते मी. पहिल्या दिवसापासून.

सून म्हणाली, मला वाटलंच होतं.

पलंग उद्या वर येणार. अट एकच, लाल मफलर. घातला. उबेसाठी नाही, तिला वाईट वाटू नये म्हणून. पोस्टमन म्हणाले, वहिनी, रंग खुलतो. मी म्हणाले, साखळी तुम्ही धरा.

दारावरच्या मफलरला येणारा जाणारा पाय लावतो. चाळीस टाके, तीन रंग, आणि पायपुसणं.

९ जानेवारी

सुया रिकाम्या. हे गेल्यापासून पहिल्यांदा. नुसत्या बघवेनात.

उरलेल्या लोकरीचा चौकोन विणला, कपाखाली ठेवण्याएवढा. शेवटावर आले आणि थांबले. सून चहाचं आधण ठेवत होती. मी तिथेच बसले. म्हणाले, बघू, तू कसं करतेस. आमच्यापेक्षा वेगळी पद्धत असेल तुझी.

तिने दाखवलं. दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून ओढून खाली सोडायचा. परत एक विणायचा, परत ओढायचा. बस.

मी म्हणाले, पुढे?

ती म्हणाली, पुढे काही नाही, आई. एवढंच.

चहाला उकळी यायच्या आत झालं. याला भिंग लागायचं. दार लावून, पाठ करून बसायचे. नाजूक काम आहे म्हणायचे, तुला नाही जमायचं, दे इकडे. इतकी वर्षं. लबाड माणूस.

वर आले. चौकोनाची शेवटची ओळ उसवली, टाके सुईवर चढवले, आणि स्वतः बंद केले. सरळ आले. पुन्हा उसवले, पुन्हा केले. यांच्यापेक्षा सरळ.

मग परत उसवले आणि सुईसकट खाली घेऊन गेले. सुनेपुढे धरलं. म्हणाले, माझ्या हाताला घाई फार. नाही जमत मला. तू करून दे.