कुंपणापलीकडचा साक्षीदार

मी, विल्बर हॉस्टेटलर, वय चौपन्न, धंदा रबर-रसायनज्ञ, राहणार अ‍ॅक्रन, ओहायो, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. दडपण नाही, तक्रार आहे. तळघरातल्या पीचच्या बरण्यांना रॉकेलचा वास येतो. झाकणाखालची कृत्रिम रबराची कडी माझ्याच कारखान्याची. "जपानला हरवलंस, पण पीच नासवलेस," असे माझी पत्नी व्हर्ना म्हणते. हृदयाच्या डॉक्टरांनी घाई सुचवली, म्हणून हा खटाटोप.

१. घर, बँकेतली शिल्लक आणि उपरोक्त बरण्या व्हर्नाला.

२. मोटार बहिणीला, मेव्हण्याने मोटारीला हात लावू नये. युद्धात भंगार रबर गोळा होत असताना या देशभक्ताने माझे गमबूट दिले, स्वतःचे लपवले.

३. बागेची कात्री आणि टोमॅटोचे बी शेजारी डेल्मर स्कॅग्जला. तो प्रतिस्पर्धी कंपनीतला रसायनज्ञ. अकरा वर्षे आम्ही कुंपणावरून फक्त हवापाण्याचे बोललो. दोन्ही कंपन्यांचा दंडकच तसा. मलायाचे रबर जपानच्या हाती गेले, तेव्हा कृत्रिम रबर बनवण्यासाठी सरकारने सर्व कंपन्यांना करार करून एका टेबलाभोवती बसवले: ठाऊक असेल ते सांगा. मी चाचरत आमचे परमगुह्य सांगितले, मिश्रणात कोणता साबण घालतो ते. डेल्मर खो खो हसत सुटला. "अरे विल्बर, आम्हीही तोच घालतो! एकाच दुकानातून आणत होतो की रे, तोंडं लपवून!"

पुढची सात वर्षे रविवारचे जेवण एकत्र. या वसंतात कंपन्यांचा तो माहिती वाटून घेण्याचा करार संपला. वरून बजावले गेले: रबराच्या कृतीबद्दल मौन पाळा. टोमॅटोबद्दल कोणी काही म्हणाले नव्हते. मी सरसकट मौन धरले. "काय रे, बी पेरलंस का?" डेल्मरने कुंपणावरून विचारले. मी आत जाऊन दार लावले.

"शेजाऱ्याशी बोलायलाही वॉशिंग्टनचा हुकूम लागतो का रे तुला?" व्हर्नाने विचारले. मला लाज वाटली, अजून वाटते. मृत्युपत्रात 'लाज' हा शब्द बसत नाही, असे वकिलांचे मत आहे. शब्द राहील.

४. साक्षीदार म्हणून मला डेल्मरच हवा. वकील म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये. सबब कलम ३ मधले देणे रद्द. कात्री आणि बी त्याला जिवंतपणीच, माझ्या हाताने द्यावे लागेल.

अ‍ॅक्रन, ८ ऑक्टोबर १९४९
विल्बर हॉस्टेटलर

साक्षीदार:
१. मिस आयोना टिबल्स, वकिलांच्या कचेरीतल्या.
२. जागा रिकामी आहे. बी घेऊन शेजारी निघालो आहे. मरणाचे काही वाटत नाही. तो दार उघडणार नाही, याची भीती वाटते.