लोणच्याच्या गोदामात माझा पाय

प्रिय व्हर्लीनमावशीस,

ड्वेनचा साष्टांग नमस्कार. (आडवा पडूनच लिहितोय, त्यामुळे नमस्कार अगदी खराखुरा आहे.) तुझा गुडघा कसा आहे? काका अजून बर्फात भोक पाडून मासे धरायला जातात का? इकडे मिशिगनमध्ये थंडी आहे, पण माझा डावा पाय प्लास्टरमध्ये मस्त उबेत आहे.

झालं असं, की आमच्या काकडीच्या लोणच्याच्या गोदामात बर्नाडेट कायपर फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी, चालवते. तिच्या गाडीचा भोंगा नाताळापासून बंद. मॅनेजर ग्रेडीला सांगून सांगून सगळे दमले. म्हणून ती बिचारी गाडी मागे घेताना स्वतःच तोंडानं "पों पों" ओरडायची (आवाज भोंग्याहून बरा होता). सोमवारी नेमका तिचा घसा बसला! मी कोपऱ्यावर डोनट खात उभा. तिनं जिवाच्या आकांतानं "पों" केलं, ते मांजराला शिंक आल्यासारखं वाटलं, आणि मागचं चाक माझ्या पायावर. तिनं घाबरून भलताच दांडा ओढला, तशा लोणच्याच्या बरण्या धडाधड खाली! मी लोणच्यातल्या शेपूच्या वासात न्हाऊन निघालो.

ग्रेडी धावत आला आणि पहिला प्रश्न, "किती फुटल्या?"

म्हटलं, "पाय एकच, साहेब."

तो बर्नाडेटवर उखडला. "उद्यापासून येऊ नकोस!" तिच्या डोळ्यांत पाणी, आणि घसा बसलेला, त्यामुळे भांडताही येईना. मावशी, मला पायापेक्षा तेच जास्त लागलं. मी खाली पडल्या पडल्या जोरात "पों!" केलं. मग दुसरी फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या म्हाताऱ्या ओटिसनं आपली गाडी बंद करून "पों!" केलं. बघता बघता सगळं गोदाम पोंपों करायला लागलं. ग्रेडीनं तोंड उघडलं की पों! शेवटी त्यानं हात टेकले; दुपारपर्यंत बर्नाडेटची नोकरी शाबूत आणि सगळ्या गाड्यांना नवे भोंगे. (ते इतके कर्कश आहेत म्हणे, की कोणाला धड कॉफी पिता येत नाही.)

काकांना नमस्कार.

तुझा,
ड्वेन

ता. क. बर्नाडेट रोज सूप घेऊन येते. काल तिनं लग्नाचं विचारलं. मी हो म्हणालो. (पळून जाण्याच्या स्थितीत नव्हतोच, असतो तरी गेलो नसतो.)

ता. क. २. आईला मी बर्फावरून घसरलो असंच सांगितलंय. खरं काय ते तू सांगशील? तुझ्यावर ती ओरडत नाही. शनिवारी ती येतेय, तिला विमानतळावरून आणायला बर्नाडेट मोटार घेऊन जाणार आहे.

ता. क. ३. बर्नाडेटकडे साध्या मोटारीचा परवानाच नाही, हे आत्ता कळलं. आईला बसनं यायला सांग.