अहेराच्या कुकरचा खरा ग्राहक

उधना, सुरत
मे १९९६

तीर्थरूप मारुतीमामांच्या चरणी भाचा गोपाल याचा दंडवत. पारोळ्यास आपली व मामींची प्रकृती ठणठणीत असणारच, कारण तुमच्याकडे वरण अजून पातेल्यात शिजतं. इकडेही सगळं बरं आहे असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहितो. सुंदराच्या उजव्या हातावर नवी कातडी धरली आहे. बोटं मात्र पुरती मिटत नाहीत, त्यामुळे घरी बसून साड्यांना टिकल्या लावायचं तिचं काम बंद आहे.

तुम्ही आमच्या लग्नात दिलेला कुकर फुटल्याचं मी कळवलं होतं. त्यावर तुमचं उत्तर आलं, की सुनेला कुकर लावता येत नसेल तर तिने लावू नये. उपदेश मोलाचा आहे, फक्त हात भाजल्यावर पोचला. (टपालखात्याचा दोष, तुमचा नाही.) आत वाफ फार कोंडली तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून तिला वाट देतो, असं कंपनीने पुस्तिकेत चित्रासकट छापलं आहे. आमच्या व्हॉल्व्हच्या वाचनात ती पुस्तिका आलेली नसावी. तो जागेवर शाबूत राहिला, झाकण उडालं आणि निम्मी डाळ छताला, निम्मी सुंदराच्या हातावर गेली. शेजारच्या कलाबाईंनी धावत येऊन पाणी ओतलं. बाकीची चाळ धावत आली ती कुकर कोणी दिला होता ते वाचायला. आपल्या लोकांत भांड्यावर नाव नसेल तर ते दिलंच नाही असं धरतात, आणि तुमचं नाव तर कंपनीच्या नावापेक्षा मोठं आहे.

तर आम्ही ग्राहक मंचात तक्रार केली. हर्षदाबेन नावाच्या वकील मिळाल्या. त्या म्हणाल्या, सदोष वस्तूने इजा झाली तर भरपाई मागता येते, आणि स्वतः विकत घेतली नसली तरी घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही ग्राहकच असतो. मंचाने कुकर तपासायला पाठवला. व्हॉल्व्ह चुकीच्या धातूचा आहे, असा अहवाल आला. मी चाळीत पेढे वाटले. (ही घाई झाली.)

कारण मग कंपनीचे वकील उभे राहिले. पाणी कमी घातलं असणार, शिटी तुंबलेली असणार, असं ते म्हणाले. आमच्या ओट्यापाशी ते कधी आले होते ते सुंदराला आठवत नाही. पुढे म्हणाले, नाव कोरताना ठोके बसून धातू कमजोर झाला. म्हणजे कंपनी निर्दोष, दोष मामांच्या प्रेमाचा. आणि शेवटी विचारलं, हा कुकर विकत कोणी घेतला? मी छाती काढून तुमचं नाव सांगितलं. तेव्हा मंचाच्या मोठ्या साहेबांनी झाकण उचलून खिडकीकडे धरलं. कानशीने घासलेली अक्षरं होती, पण कानस तुम्ही जरा हात राखून चालवली होती. त्यांनी सावकाश वाचलं, "चि. कुसुम हिच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ शालिग्रामकडून", आणि मला विचारलं, "आ शालिग्राम कोण छे?"

आमच्या मामांचे साडू, असं मला भर मंचात सांगावं लागलं. मामा, अहेर फिरवणं ही काही चोरी नव्हे. आपल्याकडच्या काही साड्या नेसल्या न जाता चार लग्नं बघून येतात. पण लेकीच्या अहेराचा कुकर भाच्याला देताना पोटावर नाव कोरलंत, तसं झाकणाकडेही नीट बघायचं होतं. कंपनीचे वकील तर इतके खूश झाले की त्यांनी मला चहा विचारला. मी प्यालो.

तुम्हाला उगाच त्रास देण्यासाठी हे पत्र नाही, फक्त खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. मामींना नमस्कार.

तुमचा लाडका भाचा,
गोपाल

ता.क. पुढच्या तारखेला सुरतेला या आणि येताना शालिग्रामतात्यांना घेऊन या. त्यांनी घेतला, तुम्हाला दिला, तुम्ही आम्हाला दिलात, एवढं दोघांनी सांगितलं की आम्ही ग्राहक ठरतो, असं हर्षदाबेन म्हणतात. कुकर अजून कुसुमच्या घरी शिट्या देतोय अशी तात्यांची समजूत आहे, हे मला माहीत आहे. तिकिटाचं मी बघतो, तात्यांचं तुम्ही बघा.

ता.क. २. कुकर मीच घेतला, असं तुम्ही एकट्याने ठोकून द्यावं, हेही मी सुचवून पाहिलं. हर्षदाबेन माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी विषय बदलला.

ता.क. ३. सुंदराला हे सगळं वाचून दाखवलं. ती एकदाही हसली नाही. लग्नाकार्यात बायका तिच्या हाताकडे बोट दाखवून आपापल्या सुनांना कुकर नीट लावायला सांगतात, आणि ती हात पदराखाली घेते. त्या बायकांत आपल्या मामी पहिल्या असतात. मला ते बघवत नाही, मामा. पैसे मिळोत न मिळोत, तुम्ही मंचापुढे उभे राहाल तेव्हासाठी तिचं मागणं वेगळंच आहे. ती बोलली तसंच खाली लिहितो. वरचं काही नाही वाचलं तरी चालेल, हे मामींना मोठ्याने वाचून दाखवा.

"मना हात भाजना, पन चूक मनी नही. इतलंच मामासनी तठे सांगानं."