विहारातल्या डब्या

पुनावळे,
१९ जानेवारी २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

इकडे आम्ही सगळे ठीक. सिद्धेशचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, त्यामुळे पोरगा घरात असून नसल्यासारखा. रणजीत पहाटे कंपनीची बस घेऊन जातात, दुपारी येतात, जेवतात आणि टीव्हीसमोर घोरतात. तुझ्या भाच्याला वाटतं, आईला मोबाइल नीट वापरता येत नाही म्हणून ती अजून पत्रं लिहिते. आबांनी लावलेली सवय आहे, हे त्याला काय कळणार! शिवाय फोन केला की कारखान्यात लाईन चालू आहे म्हणून तू ठेवतोस, आणि घरी असलास की त्या दीड खोलीत आई, वहिनी, पोरं सगळी कान देऊन बसलेली. आजचा विषय सगळ्यांसमोर बोलण्यासारखा नाही.

पत्रास कारण की, आपल्या पिंपरीच्या वस्तीत, विहाराच्या हॉलमध्ये, आमच्या महिला मंडळाने ९ फेब्रुवारीला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी ठेवली आहे. एक डॉक्टरबाई येणार आहेत. त्या प्रत्येकाला छोटी डबी देतील. घरी जाऊन शौचाचा इवलासा नमुना तिच्यात घ्यायचा, झाकण लावायचं आणि आणून द्यायची. डोळ्याला न दिसणारं रक्तसुद्धा त्यात सापडतं. सापडलं तर पुढे दुर्बिणीने आतडं बघतात. वेळेत कळलं तर माणूस बरा होतो, असं त्या दहादा सांगतात.

आबांच्या दुखण्याला आपण शेवटपर्यंत मूळव्याधच म्हणत राहिलो. मग डॉक्टरांनी पोट उघडलं, बघितलं आणि तसंच शिवून टाकलं. बावन्नावं चालू होतं त्यांना. तू जूनमध्ये पन्नाशीचा होशील.

माझं मागणं एवढंच, की पहिली डबी तू घ्यावीस, सगळ्यांसमोर. जयंतीचा मंडप तुझ्या शब्दावर उभा राहतो, तर चार माणसं तुझ्यामागे डबीही घेतील.

आईला आणि वहिनीला माझा जयभीम. आहेस तसाच रागीट आणि मायाळू राहा.

तुझी,
भागू


पिंपरी,
२७ जानेवारी २०२५

चि. भाग्यश्री हिस,
जयभीम आणि अ. आ.

पत्र पोचलं. भागूनं एवढं काय लिहिलंय म्हणून आई मागे लागली होती. सिद्धेशच्या परीक्षेचं लिहिलंय म्हणून सांगितलं.

बाई गं, लोक विहारात वंदनेला येतात, आणि तू तिथं त्यांच्या संडासाच्या डब्या गोळा करणार? साहेबराव पेंटरच्या कानावर गेलं तर त्याला चौकात बसून महिनाभर पुरेल. आणि पहिली डबी माझ्या हातात! उद्या वस्तीतली पोरं मला डबीवाले दादा म्हणायला लागतील. मंडपाचं काम सांग, लाऊडस्पीकरचं सांग, एका पायावर करतो. हे माझ्याच्यानं व्हायचं नाही.

आबांचं मध्ये आणू नकोस. त्यांचा जन्म भट्टीपाशी गेला. अंगात उष्णता, पोटात नुसता चहा. माझं तसं काही नाही.

चाकणला नवीन ऑर्डर आल्यानं ओव्हरटाइम जोरात आहे. सुपरवायझरला सांगून मी प्रेसवरून पॅकिंगला आलो. तिथून मधेच उठून जाता येतं, कोणी विचारत नाही. थोडा थकवा आहे, पण तो कामाचा. तुझी वहिनी म्हणते वाळलात. मी म्हटलं, तुझ्या हातच्या भाकरीला विचार. रविवारी तुझ्याकडे मटणाला येणार होतो ते राहू दे, सध्या तिखट बंद केलंय. निघोज्यात एक जण उष्णतेवर पुडी देतो, ती चालू आहे. फरक आहे.

रणजीतरावांना जयभीम. चिडलीस तर चीड, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धम्मरत्न


पिंपरी,
३ फेब्रुवारी २०२५

सौ. भाग्यश्रीताई यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुम्ही दोघं भावंडं लिहिता, मी कधी लिहिलं नाही. चुकलं तर समजून घ्या.

ताई, दिवाळीपासून हे स्वतःचे कपडे स्वतः धुतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी रुमाल पिळला नव्हता. आता पहाटे सगळ्यांच्या आधी उठतात, मोरीचं दार लावतात आणि बादलीभर पाणी ओततात. मी एकदा विचारलं तर अंगावर आले. तेव्हापासून गप्प आहे. पण मोरीच्या कडेला एकदा लाल राहिलेलं मी बघितलं आहे. सासूबाईंनीही बघितलं असावं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत आणि कारणही सांगितलं नाही.

मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका. पण काहीतरी करा. ते माझं ऐकत नाहीत, तुम्हाला मात्र भितात.

तुमचा हात पाठीवर असू द्या.

आपली,
मिनल


पुनावळे,
१३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

रविवारी तू आला नाहीस. खुर्च्या मांडल्या, सतरंज्या घातल्या, डॉक्टरबाई वेळेवर आल्या. गर्दी झाली ती ब्लडप्रेशरच्या टेबलापाशी. डबीचं सांगितल्यावर बायकांनी पदर तोंडाला लावला आणि पुरुष चहा प्यायला बाहेर गेले. तुझा साहेबराव दारात उभा राहून विचारत होता, की डबीत प्रसाद आहे का. ज्या थोड्या डब्या गेल्या त्यांतल्या दोन परत आल्या, त्याही रिकाम्या. एक गटारात पडलेली मी स्वतः उचलली. शेवटी गिरजाबाई माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, डबी मागतील. तर म्हणाल्या की आपल्या वस्तीचं नाव असल्या कामात कशाला घेतेस, पोरींची लग्नं व्हायची आहेत.

ते असो. आता तुझं.

मला कोणी काही सांगितलं नाही. तुझंच पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मधेच उठून जावं लागतं म्हणून तू प्रेस सोडलीस. तिखट सोडलंस, वाळलास आणि पुडी खातोस. आबांनी अगदी हेच केलं होतं, दादा. पुडी देणाऱ्या माणसाचा गावसुद्धा जवळपास तोच आहे. तुला हे दिसत नाही, की दिसतं म्हणूनच तू मला आबांचं नाव काढू देत नाहीस?

डॉक्टरबाईंना विचारलं. ज्याला अशी लक्षणं आहेत त्याने डबीच्या भानगडीत पडू नये, सरळ दुर्बिणीला यावं, असं त्या म्हणाल्या. तुझं नाव २० तारखेला लावलं आहे. रणजीत सुट्टी काढून तुला न्यायला येतील. आला नाहीस तर मी तुझ्या कंपनीच्या गेटवर येऊन उभी राहीन आणि सिक्युरिटीवाल्याला मोठ्याने कारण सांगेन. मी सांगेन, हे तुला माहीत आहे.

आणि एकट्यालाच लाज वाटू नये म्हणून तुझ्या जोडीला मी माझी डबी दिली. मला काही होत नाही, भूक लागते, झोप लागते. पण तुला बोलताना माझं तोंड उजळ असलेलं बरं.

रागावून का होईना, माझा राहा.

तुझी,
भागू


पिंपरी,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. भागू हिस,
जयभीम आणि अ. आ.

कळलंच असेल, तरी माझ्या हातानं लिहितो. मूळव्याधच आहे. आतडं शेवटपर्यंत बघितलं, बाकी स्वच्छ. औषध चालू झालं आहे, पुडी मोरीत ओतली.

आदल्या दिवशी ते खारट औषध पाण्यातून प्यायला देतात. बाकी सगळं सोसलं, पण त्या रात्री संडास आणि मी, दुसरं जग नव्हतं. पोरं हसत होती, आई मात्र दाराबाहेर स्टूल टाकून बसली होती. तपासणीचं म्हणशील तर झोपेचं इंजेक्शन दिलं आणि उठलो तेव्हा संपलेलं. एवढ्यासाठी मी दिवाळीपासून मरत होतो.

मी डॉक्टरांना म्हटलं, बघा, मूळव्याधच निघाली, उगाच घाबरवलं. ते हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की हेच रक्त दुसऱ्या दुखण्याचंही असू शकलं असतं, आत बघितल्याशिवाय त्यांनाही ओळखता येत नाही. शिवाय ज्यांचे वडील यात गेले त्यांनी चाळिशीतच यायला हवं. ते ऐकल्यापासून मला तुझी डबी आठवते आहे.

तिचं काय झालं? मिनलने फोन केला तर तू विषय सिद्धेशच्या परीक्षेवर नेलास. रणजीतरावांना विचारलं तर म्हणाले, बस सुटायची वेळ झाली. दुपारी कुठली बस सुटते त्यांची?

लवकर लिही. माझा जीव तुझ्यापाशी आहे एवढं धरून चाल.

तुझा,
दादा


पुनावळे,
४ मार्च २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

माझ्या डबीत रक्त निघालं.

रिपोर्ट आणायला मी भाजीची पिशवी घेऊन गेले होते, येताना मंडईत जायचं म्हणून. डॉक्टरबाईंनी बस म्हटलं. एरवी त्या मला उभ्यानेच बोलतात, तेव्हाच कळलं. मग दुर्बीण झाली. उजव्या बाजूला, खूप आत, फ्लॉवरच्या तुकड्यासारखं काहीतरी आहे. त्याचा कण काढून तपासला. कॅन्सर आहे. स्कॅनमध्ये तरी तो दुसरीकडे कुठे दिसत नाही.

मला काही होत नव्हतं, दादा. हेच मला कळत नाही. मी खुर्च्या मांडत होते, लोकांना समजावत होते, तुझ्यावर चिडत होते, आणि तो आत बसून होता. गटारातली डबी उचलायला वाकले तेव्हाही होता. तुझ्या जोडीला म्हणून दिली नसती, तर मी पुढची कितीतरी वर्षं दुसऱ्यांनाच डब्या वाटत फिरले असते.

१८ तारखेला ऑपरेशन आहे. रणजीत घरातल्या घरात फेऱ्या मारतात आणि नळ सोडून तसेच निघून जातात. सिद्धेश मला एकटं सोडत नाही, पण माझ्याकडे बघतही नाही. तू त्या दिवशी दवाखान्यात ये. मला भीती कापण्याची नाही. उघडतील आणि आबांसारखं तसंच शिवतील, ही आहे. शुद्धीवर येताना मला आधी तुझं तोंड दिसू दे. तसं झालं असलं तर खोटं हसू नकोस. तुला हसता येत नाही, आणि मला ते लगेच कळतं.

आईला इतक्यात सांगू नकोस.

जीव टिकेल तेवढा तुमच्यातच राहील.

तुझी,
भागू


पिंपरी,
७ एप्रिल २०२५

चि. भागू हिस,
जयभीम आणि अ. आ.

काल आलो तेव्हा तू झोपली होतीस. सिद्धेशने तांदळाची पेज केली होती, ती मीच खाऊन आलो. जागी असतीस तरी हे मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहितो.

गाठ सगळी निघाली, हे तुला माहीत आहे. शेजारच्या एका ग्रंथीत कॅन्सर पोचलेला होता, म्हणून केमो. तेही तुला डॉक्टरांनी सांगितलं. आता आईचं ऐक. तिला मी काही सांगितलं नव्हतं. पण तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी मी घरी आलो, तेव्हा तिने माझ्यापुढे पाणी ठेवलं आणि विचारलं, की शिवलं का तसंच? तिला सगळं कळलेलं होतं.

३० तारखेच्या रविवारी विहारात जयंतीची मीटिंग होती. वर्गणी, मिरवणूक, भोजनदान, सगळं झालं. मग डॉक्टरबाईंकडून आणलेल्या डब्या टेबलावर मांडून मी उभा राहिलो. भाषण पाठ केलं होतं. माझी स्वतःची तपासणी झाली, तिथपर्यंत बोललो. पुढे तुझं नाव आलं आणि पाठ केलेलं काही आठवेना. साहेबराव मागून काहीतरी बोलला, दोघंतिघं हसले.

तेवढ्यात आई उठली. तुला ठाऊक आहे, ती मीटिंगमध्ये कधी बोलत नाही. ती म्हणाली की माझा नवरा रगत जाऊन जाऊन मेला, आन् लाजंपायी कुणाला बोलला न्हाई. आता माझी लेक पोट चिरून पडलीया. माझ्या घरात हे दोनदा आलंय, मला काय लाज ऱ्हायली न्हाई. तुमच्यातल्या ज्याला हसायचंय त्यानं माझ्याम्होरं यिऊन हसावं. मग तिने टेबलावरची पहिली डबी उचलली आणि पदराखाली न घेता, हातात दिसेल अशी धरून घरी गेली.

त्यानंतर गिरजाबाई उठल्या. मग एकेक करून डब्या संपल्या, डॉक्टरबाईंकडून आणखी आणाव्या लागल्या. आईचा रिपोर्ट चांगला आला. साहेबरावाचा चांगला नाही. त्याच्यात रक्त आहे. गुरुवारी मीच त्याला दुर्बिणीला नेतोय. आज सकाळी चौकात भेटला तर माझा हात धरून नुसता उभा राहिला. त्याची बायको विचारत होती, भाग्यश्रीला पण आधी असंच निघालं होतं का? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

पेज खात जा. तुझ्यावर आमचा सगळ्यांचा हक्क आहे, तो विसरू नकोस.

तुझा,
दादा


पुनावळे,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

केमो संपली. अजून थंड पाण्यात हात घातला की बोटांना मुंग्या येतात, भांडी रणजीत घासतात आणि सगळी बिल्डिंग ऐकेल अशी आपटतात. केस विरळ झाले, पण गेले नाहीत. बालवाडीतल्या माझ्या नोकरीवर जानेवारीपासून परत ये म्हणाले आहेत. पुढच्या आठवड्यात स्कॅन आहे. तो येईपर्यंत मी जानेवारीचं बोलत नाही.

परवा साहेबराव येऊन गेला. त्याच्या आतड्यातला मांसाचा छोटा कोंब दुर्बिणीतूनच काढला, कॅन्सर व्हायच्या आधीच. ही गोष्ट त्याने मला तीनदा सांगितली. आता चौकात येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगतो म्हणे. जाताना माझ्या पाया पडायला वाकला. मोठा माणूस, मला कसंतरीच झालं. तो गेल्यावर मी खूप रडले, दादा. त्याचं वाचलं याचा आनंद होता. पण माझाही कधीतरी एवढाच कोंब असेल, आणि तेव्हा मला कोणी बघितलं नाही, हेही होतं.

आता मुख्य काम. डॉक्टरबाई म्हणाल्या की आजोबा आणि आई असं दोन पिढ्यांत झालं आहे, तर सिद्धेशने चाळिशीची वाट बघायची नाही. पस्तिशीच्या आतच त्याची दुर्बीण झाली पाहिजे. तो आत्ता एकवीसचा आहे. तोवर मी असेन असं मी स्वतःला रोज सांगते. पण तू त्यावर विसंबू नकोस. तेव्हा त्याला नोकरी असेल, बायको असेल, सुट्टी मिळत नसेल, आणि तो तुझ्यासारखंच हसून सोडून देईल. त्याचं काही ऐकू नकोस. त्याच्या ऑफिसच्या गेटवर जाऊन उभा राहा. तुझ्या पोरांनाही वेळ झाली की तपासणीला ने. मिनलवहिनीलाही हे सांगून ठेव, म्हणजे तू विसरलास तरी ती विसरणार नाही.

सिद्धेशला मी हे अजून सांगितलेलं नाही. तो खाली गाडी धुतोय, बादली आपटल्याचा आणि त्याच्या बेसूर गाण्याचा आवाज वर येतोय. किती दिवसांनी गातोय. आधी हे पत्र पोस्टाच्या पेटीत टाकते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. मग त्याला वर बोलावते.

माझ्यावर केलास तेवढाच लोभ त्याच्यावर कर.

तुझी,
भागू