ताईच्या गाडीचं नवं हँडल

२ डिसेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक आहे, माझा गुडघा सोडून.

तुझी ताई गेल्यापासून तिची मोटारसायकल घराच्या बोळात उभी होती. इतकी वर्षं ती चालवायची आणि मी मागे पिशवी सांभाळत बसायचो. त्यावरून तू मला कमी छळलेलं नाहीस. उभ्या उभ्या गाडी खराब होऊ नये म्हणून मी गुपचूप शिकायला घेतली. सरळ रस्त्यावर जमतं, पण वळण आलं की गडबड होते. काल बाजारापाशी हळू वळताना हँडल गुडघ्यावर आदळलं, पुढे वळेचना, आणि मी गाडीसकट भाजीवाल्याच्या टोपल्यांत. पडायची ही दुसरी खेप. शिवाय मनगटं दुखतात, मान आखडते, ते वेगळंच.

लेकीला कळलंच. तिच्या ऑफिसातल्या एका बाईंना गाडी हवी आहे. आणखी एकदा पडलात तर गाडी त्यांना देऊन टाकणार, असं तिनं बजावलंय. तिचंही चूक नाही. आईनंतर तिला मीच आहे. पण गाडी गेली तर बोळ रिकामा होईल. तेवढं मला नको आहे.

वय झालं म्हणून असं होतं का, ते खरं सांग. जनावरांच्या डॉक्टरला माणसाचं विचारतोय, हसू नकोस.

तुझा,
भावोजी


९ डिसेंबर

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

हसले. भरपूर हसले. मग दवाखान्याबाहेर माझ्या गाडीवर बसून तुमचं पत्र पुन्हा वाचलं.

तुमचं वय झालेलं नाही, हँडल लहान आहे. ताई तुमच्या खांद्याला लागायची. तिचे हात पोचावेत म्हणून आम्ही दोघींनी ते अरुंद आणि मागे वळलेलं हँडल शोधून बसवलं होतं. त्यावर तुम्ही बसता म्हणजे मोठ्या माणसानं बालवाडीच्या बाकावर बसल्यासारखं. कोपर बरगड्यांत, मनगटं आत मुडपलेली, आणि पूर्ण वळवलं की मुठीचं टोक गुडघ्यात. शिवाय अरुंद हँडल वळवायला जोर जास्त लागतो, हळू चालवताना तर फारच. बैल नीट चालत नसेल तर मी आधी जू बघते. तेच तुम्हाला सांगते.

हँडल बदला. तुम्ही कां कूं करणार हे मला ठाऊक आहे. ते ताईचं आहे, म्हणून. ते माझ्याकडे पाठवा. मी तिच्याएवढीच आहे, माझ्या गाडीला बसेल. हँडलवर कुणाचे तरी हात असावेत, भावोजी. खुंटीवर टांगून काय करायचंय.

थट्टा पोटात घालावी, माया ठेवावी.

तुमची,
धाकटी


२० डिसेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

बदललं! म्हणजे आधी तीन-चार दिवस नुसताच पाना हातात घेऊन बोळात उभा राहायचो आणि परत यायचो. शेवटी फिटरला घरीच बोलावलं.

मी जन्मभर नकाशे काढलेला माणूस. हात पसरून मोजमाप घेतलं आणि मिळालं त्यातलं सगळ्यांत रुंद हँडल आणलं. फिटरनं भुवया उंचावल्या. बसवल्यावर अंगणातच एक गोष्ट दिसली: हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की इंजिन आपोआप जोरात ओरडायला लागायचं. अॅक्सिलरेटरची जुनी केबल नव्या हँडलला आखूड पडून ताणली जात होती. त्यानं लांब केबल घातली.

मग मी गाडी बाहेर काढली. अगं, काय सांगू! गल्लीच्या टोकाशी पाय न टेकता एका दमात वळली. दोन बोटांनी वळते. मी तिथेच चार फेऱ्या मारल्या. शेजारचे मास्तर म्हणाले, काही हरवलंय का.

आता रडगाणं. मोठ्या रस्त्यावर हात असे फाकतात, की सगळा वारा छातीवर येतो आणि मी हँडलला लोंबकळल्यासारखा होतो. वेगात हात जरा हलला तरी गाडी डुलते. आणि ती आता बोळाच्या दारातून आत जात नाही. अंगणात ताडपत्रीखाली आहे.

येत्या रविवारी लेक मागे बसणार आहे. बाजाराच्या त्याच वळणावरून न्यायचं आणि मग ती ठरवणार. सही-शिक्का मारल्यासारखं तिनं हे सांगितलंय. लवकर लिही.

तुझा,
भावोजी


२३ डिसेंबर

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, पत्र रविवारच्या आत पोचायला हवं.

बालवाडीच्या बाकावरून उठलात ते थेट म्हशीच्या शिंगांवर जाऊन बसलात! हात पसरून कुणी मोजायला सांगितलं? गाडीवर बसा, डोळे मिटा, खांदे सैल सोडा आणि हात सहज पुढे करा. जिथे येतील तिथे मुठी हव्यात. लगेच कापू नका, कापलेलं परत जोडता येत नाही. आधी मुठी, ब्रेक, क्लच सगळं थोडं आत सरकवून चालवून बघा. बरं वाटलं तरच दोन्हीकडून सारखं कापा. वळताना नजर टोपल्यांकडे नको, जायचंय तिकडे.

आणि लेकीला सांगा, मावशी म्हणाली, मागे बसून ओरडायचं नाही.

तुमची,
धाकटी


२८ डिसेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू सांगितलंस तसंच केलं. हँडल इकडून चार बोटं, तिकडून चार बोटं कापलं. गाडी दारातून आत जाते, आरसे मिटून घेतले की. मनगटांचं दुखणं मी विसरलोच.

रविवारी लेक मागे बसली. बाजाराच्या वळणावर तिनं माझा शर्ट मुठीत धरला होता, तो मला मानेपाशी काचत होता. गाडी वळली. भाजीवाल्यानं टोपल्या आधीच आत घेतल्या होत्या, बिचाऱ्याची मेहनत फुकट गेली. मला वाटलं, आता ती परत फिरा म्हणेल. ती म्हणाली, पुढे चला. मग धरणाकडे, आणि तिथून वरच्या वळणांच्या रस्त्यानं. एक वळण संपलं की दुसरं, गाडी माझ्या हातात जणू आपली आपण झुकत होती. मागे लेक मोठ्यानं हसत होती. तिला असं हसताना मी बरेच महिने ऐकलं नव्हतं.

घरी आलो, कुलूप काढायला किल्ली घेतली, आणि लक्षात आलं, की त्या सबंध रस्त्यावर मला तुझ्या ताईची एकदाही आठवण आली नव्हती. असं आजवर झालं नव्हतं. मी पायरीवरच बसलो. लेकीनं काय झालं विचारलं. मी असल्या गोष्टी बोलत नाही, तुला माहीत आहे, पण सांगितलं.

ती शेजारी बसली. म्हणाली, “आईसुद्धा गाडीवर आपल्याला विसरायची, बाबा. म्हणून तर इतकी खूश होऊन परत यायची.”

त्या ऑफिसातल्या बाईंना तिनं दुसरी गाडी बघायला सांगितलं आहे. शनिवारी आम्ही दोघं तुझ्याकडे निघतोय, गाडीवरच. तुझं हँडल मागे बांधून आणतो. पोचायला उशीर झाला तर काळजी करू नकोस, वाटेत एखादं वळण पुन्हा घ्यावंसं वाटलं असेल.

आहे तशीच माया राहू दे.

तुझा,
भावोजी