कृतिकाला हरायला शिकवणे

५ जानेवारी
नातीला, कृतिकाला (वय नऊ), कॉलनीच्या बॅडमिंटन टीममधून काढायचंच ठरलं होतं. हरली, रॅकेट फेकली, समोरच्या मुलीला चीटर म्हणाली. कोच सुखदा म्हणाली, शेवटची संधी, सव्वीस जानेवारीची मॅच. पोर रडून रडून झोपली. तिचं लक्ष ठरत नाही, राग दुधासारखा उतू जातो. डॉक्टर म्हणतात, एका वेळी एकच सूचना, तीही छोटी. मुलगा-सून ऑफिसात, म्हणजे जबाबदारी माझी. तीन आठवडे रग्गड झाले.

७ जानेवारी
खिलाडूवृत्तीवर छोटी सूचना दिली. पन्नास मिनिटं. शेवटी शेवटी ती पडद्याला लोंबकळत होती. ऐकत असावी.

१० जानेवारी, संध्याकाळी
हरण्याचा सराव. कॅरम. पहिल्याच बोर्डाला तिचं तोंड एवढंसं झालं. माझ्याच्यानं बघवेना. राणी हळूच तिच्या बाजूला सरकवली. दहा बोर्ड झाले, दहाही तीच जिंकली. एकदाही चिडली नाही. प्रगती आहे.

१४ जानेवारी
पानिपत, काला अंब, लढाईचं स्मारक. इथून गाडीने दोनच तास. हार पचवणं इथे नाही शिकणार तर कुठे? सांगता सांगता माझंच डोकं तापलं. त्यात एक पुण्याचे गृहस्थ म्हणाले, चूक आपलीच होती. त्यांना अर्धा तास सोडलं नाही. लतिका, म्हणजे सूनबाई, गाडीत जाऊन बसली. कृतिका म्हणते, आबा, त्या काकांना सॉरी म्हण ना. लहान आहे अजून.

२५ जानेवारी
लतिका रोज रात्री तिला काहीतरी सांगते. दोन वाक्यांत आटोपते. पाया मी घातलाय म्हणून भागतं.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर मॅच. १९-२१. हरली. शेवटचं शटल लाइनीच्या आत पडलं होतं, मला स्वच्छ दिसलं. चष्मा घरी राहिला होता, तरी. अंपायर जयदीप, माझाच मॉर्निंग वॉकचा सोबती, म्हणाला, बिल्कुल बाहर था. मी त्याला चीटर म्हणालो. स्कोअरबोर्ड फेकला नाही, हातातून सुटला. वळून बघतो तर कृतिका, ओठ थरथरताहेत, पण जिंकलेल्या मुलीशी हात मिळवतेय.

सुखदाचा निरोप: कृतिका टीममध्ये राहील. आबांनी मैदानावर येऊ नये.

संध्याकाळी कृतिका ग्लास घेऊन आली.
"आधी पाणी पी. मग सॉरी म्हणायचं. आईनं मला एवढंच सांगितलंय."
प्यालो. जयदीपकडे उद्या जाईन म्हणालो.
ती चपला घालून दारात उभी आहे.