कीबोर्ड कुणी बदलला

अण्णा, तुमचं टाइपिंगचं दुकान अजून शाहूपुरीतच आहे, पण कॉम्प्युटर आता तीन झालेत: एक इथं, एक पेठ वडगावच्या शाखेत, एक घरी. तिन्हीवर कीबोर्ड, शॉर्टकट, फॉन्ट सगळं एकसारखं चालावं म्हणून त्या सेटिंगच्या फाइली मी गिट नावाच्या, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये ठेवते. एकीकडे केलेला बदल मशीन बंद करताना आपोआप जमा होतो, दुसरीकडे येतो, आणि कुठली ओळ कधी बदलली ते मागं जाऊन बघता येतं. तुम्हाला हे आवडलं असतं. जेवून आल्यावर टाइपरायटरपुढची खुर्ची जरा सरकलेली दिसली तरी तुम्ही विचारायचात, "माझ्या मशीनला कोण बसलंतं?" आणि मी नि आई एकमेकींकडं बघत राहायचो.

गेल्या महिन्यात सकाळी लग्नपत्रिका टाइप करायला बसले, तर दाबावं एक अक्षर आणि उमटावं भलतंच. कीबोर्ड कुणीतरी जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीवर नेलेला. नोंद बघितली; नाव माझंच, कारण माझं नावही त्याच फाइलींतून तिन्हीकडं जातं, त्यामुळं बदल कुठल्या मशीनवर झाला ते कळेना. संशय वडगावच्या ऑपरेटरवर गेला. हल्ली तो फोनवर दबक्या आवाजात बोलायचा, मी आत आले की फोन ठेवायचा. आपली गिऱ्हाइकं फोडून हा स्वतःचं दुकान टाकतोय, असं माझ्या मनानं घेतलं. तशीच वडगावला गेले आणि त्याच्यादेखत पासवर्ड बदलला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी केलेलं न्हाय. कुणी केलंय ते ठावं हाय, पर सांगणार न्हाय." मी त्याला घरी पाठवलं.

त्या दुपारी अवेळीच घरी पोचले. आई तुम्ही टाइपरायटरवर शिकवलेल्या पद्धतीनं, बोटांकडं न बघता, बारशाची पत्रिका टाइप करत बसली होती. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मी तिला कॉम्प्युटरला हात लावू देत नव्हते. म्हणून ती ऑपरेटरकडून फोनवर गुपचूप काम मागून घ्यायची. सेटिंग कुठं बदलायचं तेही त्याला विचारलेलं, आणि मला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलेली. "विचारलं असतं तर बसू दिलं असतंस व्हय?" एवढंच ती म्हणाली, आणि अर्धी राहिलेली ओळ पुरी केली.

त्याला मी स्वतः जाऊन परत आणलं. आईचं सेटिंग आता वेगळं, घरच्या मशीनपुरतं. नोंदीतही तिचंच नाव. रोज काहीतरी नवा शॉर्टकट ती जोडत असते.

तुम्ही गेल्यावर हे पत्र पाठवायचं कुठं? राहू दे इथंच, दुकानातल्या कॉम्प्युटरवर. दुकान उघडलं की मी आधी तिच्या नोंदी वाचते. काल बसली होती ना, बरी आहे ना, एवढंच बघते, असं स्वतःला सांगते. पण अण्णा, ती अजून काही लपवत तर नाही ना, तेही बघते.